पोकलेनला फिरते डोके लावून निचऱ्याचे चर काढता येतील का?

गोदाकाठ, निफाड — प्रश्न

नमस्कार. निफाड तालुक्यात गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत आमची शेती आहे. वरच्या अंगाला ऊस आणि पाटपाणी, खाली उतार जेमतेम, त्यामुळे पावसाळ्यात पाणी शेतातच तुंबते आणि दरवर्षी थोडी थोडी जमीन चिबड (पाणथळ) होत चालली आहे. शेजारच्या खातेदारांनी मिळून बांधालगत निचऱ्याचे सामाईक चर काढलेले आहेत. ते आजवर जेसीबीच्या बकेटने काढले आणि साफही बकेटनेच केले. अडचण अशी की निघालेली माती काठावर पडून दोन्ही बाजूंना गुडघाभर वरंबा तयार होतो, आणि ज्या पाण्यासाठी चर काढला तेच पाणी वरंब्याला अडून शेतात थांबते. मृगाच्या दोन मोठ्या सरी झाल्या की वरंब्याची माती पुन्हा चरात घसरते. ती ट्रॉलीने उचलून न्यायची म्हटले तर खोदाईपेक्षा वाहतुकीचाच खर्च अधिक होतो.

इटलीत आणि अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील सपाट शेतीत यासाठी रोटरी डिचर वापरतात, असे वाचनात आले. दात बसवलेली एक चकती किंवा डोके वेगाने फिरते, चराचा आकार कापत जाते आणि कापलेली माती काठावर न टाकता लांब शेतात पातळ पसरवून देते. ही अवजारे ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी असतात, तशीच पोकलेनच्या बूमला बकेटच्या जागी लावण्याचीही असतात. आमच्या नात्यातच बारा-चौदा टन गटातील पोकलेन आहे आणि तिला ब्रेकरची (दगड फोडणाऱ्या हातोड्याची) तेलाची लाइन बसवलेली आहे. त्या लाइनवर असे डोके चालेल का, आपल्या काळ्या मातीत ते कसे काम करील, आणि द्राक्षबागांच्या शेजारी ते वापरणे शहाणपणाचे आहे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हायड्रॉलिक फिटर, सातपूर

आपल्या प्रश्नातील ब्रेकरच्या लाइनपुरते उत्तर देतो, कारण माझे रोजचे काम तेच आहे.

ब्रेकर आणि फिरते डोके दोन्ही तेलावर चालतात, पण दोघांची तेलाची गरज वेगळी आहे. ब्रेकरला तेल एकाच दिशेने लागते आणि दगडावरची जागा बदलताना चालक दर थोड्या वेळाने पेडल सोडतो. फिरत्या डोक्याची मोटार सलग चालते, त्यामुळे पंपाला आणि ऑइल कुलरला उसंत मिळत नाही. मे महिन्यात, कुलरच्या जाळीवर धूळ बसलेली असताना, तेल ८० अंशांच्या वर गेले की ते पातळ होते, मोटारीतली आतली गळती वाढते आणि डोक्याचा जोर कमी झाल्याचे चालकाला जाणवते. कुलर रोज हवेने साफ करणे हा या कामाचाच भाग समजावा.

डोके निवडताना मशीन किती टनी आहे, यापेक्षा त्या लाइनवर किती लिटर तेल किती दाबाने मिळते, हे आधी विचारावे. बारमधला दाब आणि मिनिटाला मिळणारे लिटर यांच्या गुणाकाराला ६०० ने भागले की किलोवॉट मिळतात. २०० बार आणि १२० लिटर धरले तर ४० किलोवॉट, म्हणजे सुमारे ५४ अश्वशक्ती झाली. नळ्यांतले आणि मोटारीतले नुकसान वजा जाता दातांपर्यंत त्याहून कमीच पोहोचते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याला हे अवजार माती लांब फेकण्यासाठीच हवे आहे. मोटारीला एका फेऱ्यासाठी ५०० घनसेंटिमीटर तेल लागत असेल, तर १२० लिटरमध्ये ती मिनिटाला २४० फेरे फिरेल. डोक्याचा व्यास ८० सेंटिमीटर असेल, तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर येतो. त्या वेगाने ४५ अंशांत सुटलेले ढेकूळ हवेचा अडथळा सोडून दिला तर १० मीटरच्या आसपास जाऊन पडेल. आता हेच डोके ६० लिटर देणाऱ्या लाइनवर लावले, तर वेग निम्मा होतो आणि फेक निम्मी न होता थेट चौथाईवर, म्हणजे अडीच मीटरवर येते. माती मग काठालाच पडते आणि आपल्याला नको असलेला वरंबा तिथेच उभा राहतो. तेल कमी असेल तर लहान मोटार घालून फेरे वाढवता येतात, पण त्या प्रमाणात पीळ (टॉर्क) कमी होतो आणि भारी मातीत डोके अडते. म्हणून डोक्याच्या कागदावरील तेलाची किमान गरज आणि आपल्या लाइनचे प्रत्यक्ष मोजलेले तेल यांचा मेळ बसल्याशिवाय व्यवहार करू नये. मोजणी फ्लो मीटर लावूनच करून घ्यावी.

दुसरी गोष्ट केस ड्रेनची. पिस्टन मोटारीच्या आत जे थोडे तेल झिरपते, ते बाहेर नेण्यासाठी वेगळी बारीक नळी लागते आणि ती कोणत्याही व्हॉल्व्हमधून न जाता सरळ टाकीत सोडावी लागते. ब्रेकरच्या लाइनमध्ये ही तिसरी नळी सहसा नसते. ती न टाकता किंवा परतीच्या नळीला जोडून काम भागवले, तर मोटारीच्या पोटात दाब साचतो आणि शाफ्टचे सील बाहेर येते.

तिसरी गोष्ट थांबवण्याची. जड डोके वेगात असताना पेडल एकदम सोडले की डोके फिरतच राहते, मोटार पंपासारखी वागू लागते आणि तेल न मिळाल्याने आतून खराब होते. यासाठी मोटारीच्या तोंडाशी तेल वळवून देणारा अँटी-कॅव्हिटेशन व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. डोके विकणारा त्याविषयी स्पष्ट उत्तर देत नसेल, तर पुढे बोलू नये.

पोकलेनवाला, सिन्नर

फिटर भाऊंनी मशीनची बाजू नीट मांडली आहे. मी चराच्या आत काय सापडते ते लिहितो, कारण साफसफाईची कामे आम्ही घेतो आणि द्राक्षाच्या पट्ट्यातील चर आतून कसे असतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

चर म्हणजे गावाची अडगळीची जागा झालेली आहे. मांडवाची गंजलेली तार, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपरचे तुकडे, कांद्याच्या फाटक्या गोण्या, हे सर्व गाळात दबलेले असते आणि वरून लव्हाळा वाढल्यामुळे दिसत नाही. बकेटमध्ये हे आले तर मातीबरोबर उचलले जाते आणि काम चालू राहते. फिरत्या डोक्याला मात्र पहिल्या तारेचे टोक मिळाले की क्षणात सगळी तार गुंडाळली जाते. ठिबकची नळी त्याहून वाईट, कारण ती ताणली जाऊन शाफ्टच्या खाचेत शिरते आणि सीलच्या ओठावर घासत राहते. मशीन बंद करून, दातांच्या मधून पक्कड घालून ती इंचाइंचाने कापून काढावी लागते. त्यामुळे जुना चर साफ करायचा असेल, तर आधी माणसांकडून तार आणि नळ्या ओढून काढणे अटळ आहे, आणि ती मजुरी कोणीच हिशेबात धरत नाही.

दगडाचे तर अधिकच गंभीर आहे. फिटर भाऊंनी ढेकूळ १० मीटर जाते असे लिहिले. त्याच वेगाने मुठीएवढा दगडही जातो. गोदाकाठच्या खोल काळ्या मातीत दगड कमी, हे मान्य. पण बांधावरचे दगड पिढ्यान्‌पिढ्या चरात ढकलले गेलेले असतात. फेकीच्या बाजूला माणूस, जनावर, मोटारसायकल, विहिरीवरचा स्टार्टर, काहीही असता कामा नये. आपल्याकडे मशीन आली की बघायला गर्दी होते, आणि बकेटच्या कामाला सरावलेले लोक मशीनपासून पाच-सहा पावलांवर निवांत उभे राहतात. या अवजाराजवळ ते चालणार नाही. केबिनच्या काचेपुढे जाळी हवी आणि डोक्यावरचे झाकण कोणत्याही कारणाने काढू नये.

सिन्नरच्या बाजूला, जिथे फूट-दीड फुटावर मुरूम आणि खाली मांजऱ्या खडक लागतो, तिथे या अवजाराचा विचारही करू नये. खडक कापण्याचे ड्रम कटर हे वेगळे अवजार आहे, दोन्हींची गल्लत होऊ नये. काळा पाषाण लागला तर शेवटी ब्रेकरच लागतो.

माझे मत असे की आधी चराच्या आकाराची व्ही बकेट करून घ्यावी. नाशिकजवळच्या अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांना चराचा तळ, वरची रुंदी आणि खोली दिली की ते जाड प्लेटची बकेट बनवून देतात. एकाच ओढीत दोन्ही बाजूंचा उतार आणि तळ निघतो. माती काठावर पडते हे खरे, पण चालक सरावलेला असेल तर ती बूम फिरवून चार-पाच मीटर लांब टाकता येते आणि नंतर ट्रॅक्टरच्या फळीने पसरवता येते. हजारो मीटर नवे चर सलग काढायचे असतील, तरच फिरत्या डोक्याचा खर्च निघेल.

मृदा व निचरा, दिंडोरी

सिन्नरच्या बंधूंचा अनुभव मोलाचा आहे, परंतु व्ही बकेट आणि फळी हा पर्याय वाटतो तितका सरळ नाही. ओल्या काळ्या मातीचे ढीग वाळले की त्यांची वीटच होते आणि ती फळीने पसरत नाही. ओले असतानाच ट्रॅक्टर घातला, तर ज्या जमिनीचा निचरा सुधारायचा तीच चाकांखाली दाबली जाते. फिरत्या डोक्यातून माती बारीक होऊन उडते, आणि हा त्याचा खरा लाभ आहे.

किती जाड थर पसरेल, याचा हिशेब सोपा आहे. वर १ मीटर, तळाला ४० सेंटिमीटर आणि ६० सेंटिमीटर खोल चर धरला, तर त्याचे छेदक्षेत्र ०.४२ चौरस मीटर होते. म्हणजे १०० मीटर चरातून ४२ घनमीटर माती निघते. ती एका बाजूला १० मीटर पट्टीत पसरली, तर थर ४ सेंटिमीटरच्या जवळपास बसतो आणि पुढच्या नांगरटीत तो मिसळून जातो. माती सुटी झाल्यामुळे तो सुरुवातीला थोडा जाड दिसेल. जुना चर साफ करताना यापेक्षा बरीच कमी माती निघते.

पण ती माती कोणती, हे पाहिल्याशिवाय पसरवू नये. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत खाली अनेक ठिकाणी चुनखडीचा थर लागतो, आणि जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होऊ लागली असेल तर खालच्या मातीत सोडियमही अधिक असतो. ही माती द्राक्षाच्या मुळांवर पसरवली, तर चुन्यामुळे वेलीला लोह मिळत नाही आणि शेंड्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. म्हणून चराच्या खोलीपर्यंतचे मातीचे नमुने थरवार वेगळे घेऊन सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना तपासून घ्यावा. अहवाल वाईट आला, तर फेक पडीक बाजूला वळवावी किंवा सरळ बकेट वापरून ती माती रस्त्याच्या भरावाला द्यावी.

आता वेळेविषयी, कारण काळ्या मातीत यश किंवा अपयश यावरच ठरते. माती फार ओली असताना दात तिला कापण्याऐवजी लिंपतात, चराच्या भिंती गुळगुळीत होतात, त्यांतली सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि शेतातले पाणी भिंतीतून चरात झिरपेनासे होते. वरून चर अत्यंत देखणा दिसतो, म्हणून हा दोष लवकर ध्यानातही येत नाही. एप्रिल-मेमध्ये उलट टोक असते: जमीन भेगाळलेली, ढेकळे दगडासारखी, दात झिजतात आणि फेकलेली ढेकळे धोकादायक ठरतात. वापसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल, असताना हे काम करावे, असे पुस्तकी उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. अडचण अशी की पावसाळ्यानंतरचा उत्तम वापसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, आणि तेव्हाच द्राक्षाची फळछाटणी होऊन कोवळी फूट निघालेली असते. त्या फुटीवर मातीचा मारा कोणताही बागायतदार सहन करणार नाही. म्हणून चराच्या ज्या बाजूला बाग नाही, तिकडेच फेक ठेवावी. सोयाबीन निघाल्यावर आणि गहू किंवा उन्हाळ कांदा लागण्याआधी जे रान मोकळे असते, ते यासाठी सर्वांत योग्य. दोन्ही बाजूंना बाग असेल, तर काढणी संपल्यावर खरड छाटणीच्या सुमारास, वरच्या पाटाच्या आवर्तनामुळे चराच्या तळाला ओल असते, तेव्हा केवळ गाळ काढण्यापुरते काम करून घ्यावे.

चराचे काठ उभे ठेवू नयेत. काळी माती फुगते आणि आकसते, त्यामुळे उभी भिंत पहिल्याच वर्षी भेगांमधून तुटून खाली बसते. खोलीला निदान तेवढाच आडवा उतार, आणि जागा असेल तर दीडपट उतार द्यावा. वर दिलेल्या मापात तो केवळ निम्मा येतो. ते माप हिशेब समजण्यापुरते होते. फिरत्या डोक्याचा आकार ठरलेला असतो, म्हणून सपाट उतार हवा असेल तर दोन-तीन फेऱ्यांत, बूमचा कोन बदलून, बाजू कापाव्या लागतात.

गोदाकाठ, निफाड

सर्वांचे आभार. ब्रेकरच्या लाइनचे तेल मोजून घेण्याचे ठरवले आहे. तार आणि नळ्यांचा मुद्दा आमच्या चरांना तंतोतंत लागू आहे. बहुतेक चरांच्या एका बाजूला बाग आणि दुसरीकडे सोयाबीन-कांद्याचे रान आहे, त्यामुळे दिंडोरीच्या जाणकारांनी सांगितलेली फेकीची दिशा आम्हाला पाळता येईल. आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मशीन आणलीच, तर पाटाचे पाणी शेतात आणणाऱ्या शेतचारीही त्याच डोक्याने साफ करून घ्याव्यात, असा काही खातेदारांचा आग्रह आहे; ते योग्य होईल का? आणि आमचे चर शेवटी ओढ्यातून गोदावरीला मिळतात, तिथे काय काळजी घ्यावी?

पाटकरी (निवृत्त), येवला

शेतचारीला हे अवजार लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. निचऱ्याचा चर आणि पाण्याची चारी दिसायला सारखी असली, तरी दोघांचे काम उलट आहे. चराला शेतातले पाणी आत घ्यायचे असते, म्हणून त्याला काठावर वरंबा नको. चारीला पाणी शेतापेक्षा उंच धरून न्यायचे असते, म्हणून तिचे दोन्ही बाजूंचे भराव हाच तिचा प्राण आहे. फिरत्या डोक्याने चारीतली माती शेतात उडवली, तर भरावाला माती उरत नाही, आणि तळ दोन-चार इंच जरी खाली गेला तरी पाणी मोरीच्या तोंडापर्यंत चढत नाही. मग शेवटच्या खातेदाराचे पाणी बंद होते आणि भांडणे सुरू होतात. चारीचा तळ वितरिकेच्या पातळीशी बांधलेला असतो. तो आपल्या मनाने बदलता येत नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये आला. त्याखाली आपल्याकडे पाणी वापर संस्था असेल, तर चारीची देखभाल तिच्या ठरावाने आणि शाखा कार्यालयाच्या सल्ल्याने करावी.

निचऱ्याच्या चराचे काम मात्र नेहमी खालच्या टोकाकडून वर करीत यावे, म्हणजे खोदताना निघालेले पाणी वाहून जाते आणि मशीन चिखलात रुतत नाही. आधी ओढ्याच्या तोंडाची पातळी घ्यावी. ५०० ला १ उतार धरला, तर ३०० मीटर चराला ६० सेंटिमीटर उतार लागतो, आणि तेवढा तुमच्या सपाट शिवारात मिळतो की नाही, हे डम्पी लेव्हलने (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने) पाहावे. ती नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून, दर २० मीटरवर खुंटी मारून पातळी काढता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून नळी बोटाने टिचकावत बुडबुडे वर काढावेत आणि मगच खुंटीवर खूण करावी. फिरते डोके जिथे जमीन उंच तिथे उंच आणि जिथे खोलगट तिथे खोलगट तळ कापत जाते, कारण मशीनच्या पट्ट्याखालची जमीन जशी वर-खाली होते तसे तेही होते. खुंट्यांना बांधलेली दोरी पाहून चालकाने खोली धरली नाही, तर मधे डबकी राहतील.

गोदावरीच्या बाजूने आणखी एक धोका आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याच्या वरचा तुमचा पट्टा पुरात फुगवट्याखाली येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा आणि चांदोरी पाण्यात होते, हे आपण पाहिले आहे. नदी वर आली की चर उलटा वाहतो. चर जितका साफ आणि रुंद, तितक्या लवकर नदीचे पाणी शेतात येते. म्हणून शेवटच्या टोकाला सिमेंटचा पाइप टाकून त्याच्या बाहेरच्या तोंडाला, नदीच्या पाण्याने आपोआप मिटणारी लोखंडी झडप बसवून घ्यावी, आणि पावसाळ्याआधी तिचे बिजागर मोकळे आहे ना, हे तपासावे. तुमचे शिवार पक्षी अभयारण्याच्या हद्दीजवळ असेल, तर वन विभागाला विचारल्याशिवाय ओढ्याच्या तोंडाशी मशीन उतरवू नये. ते क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे आणि तिथल्या गाळात व लव्हाळ्यात पक्ष्यांची वस्ती असते.

हायड्रॉलिक फिटर, सातपूर

पाटकरी काकांनी खोलीचे जे लिहिले, त्याला जोडून सांगतो. डोके खोलीला धरून ठेवायचे, तर बूम आणि आर्मच्या सिलिंडरचे सील घट्ट हवेत. तपासायचे असेल तर बूम अर्ध्यावर उचलून इंजिन बंद करावे आणि पिस्टन रॉडवर खडूने खूण करून दहा मिनिटांनी पाहावे. खूण हललेली असेल, तर डोके काम करताना आपोआप खाली बसत जाईल आणि चालकाला ते सतत सावरावे लागेल.

नात्यातल्या पोकलेनच्या पिनांचा व्यास, आर्मच्या टोकाची रुंदी आणि दोन पिनांमधले अंतर व्हर्नियरने मोजून ठेवावे, कारण डोक्याचे कान त्या मापाने करून घ्यावे लागतात. डोके बकेटपेक्षा जड असेल, तर बूम पूर्ण लांब करून मशीनच्या बाजूला काम करताना तोल जातो. म्हणून मशीन चराच्या शक्य तितकी जवळ आणि चराला समांतर चालवावी. पहिल्यांदा जोडताना केस ड्रेनच्या तोंडातून मोटारीचे पोट स्वच्छ तेलाने भरूनच नळी लावावी. पोट कोरडे ठेवून मोटार सुरू केली, तर आतल्या बेअरिंगला तेल पोहोचण्याआधीच ते भाजून निघते. त्यानंतर कमी रेसवर, डोके मातीला न लावता, पंधरा-वीस मिनिटे फिरवावे, रिटर्न फिल्टर उघडून त्यात धातूचा चुरा नाही ना ते पाहावे, आणि मगच चरात उतरवावे.